थ्री फिफ्टीनची सॉफ्ट नोज गोळी: रानडुकराला पुरून उरते, गव्याचं नाव काढू नये

खानापूर तालुक्यात, तिकडं हल्याळ-जोयड्याच्या बाजूला किंवा सीमेपलीकडं चंदगडात परवान्याची रायफल निघाली की ती बहुधा पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची थ्री फिफ्टीन (०.३१५ बोअर) असते, आणि तिच्यात घालायला मिळतं ते २४४ ग्रेनच्या सॉफ्ट नोज गोळीचं काडतूस. या गोळीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, जुनाट माल, डुक्कर लागूनही पळून जातं. दुसरा म्हणतो, हिनं गवासुद्धा बसतो. दोन्ही मतं चुकीची आहेत. शंभर मीटरच्या आत, छातीत योग्य जागी बसली तर मोठ्या सुळ्याच्या नरालासुद्धा ही गोळी पुरून उरते. डुक्कर पळून जातं तेव्हा दोष बहुतेक वेळा नेमाच्या जागेचा असतो, गोळीचा नसतो. गव्याच्या बाबतीत मात्र ती खरोखर कमी पडते, आणि का कमी पडते हे समजलं तर गोळी कशी पारखायची हेही समजतं.

कायद्याचं आधी सांगायला हवं, कारण आपल्या भागात याबद्दल मोठा गैरसमज आहे. पीक संरक्षणाचा शस्त्र परवाना हातात असणं म्हणजे डुक्कर मारायची परवानगी असणं नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानं शिकार बंद आहे. गवा पहिल्या अनुसूचीत आहे, रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. तो कागद हातात असेल तेव्हाच पुढचं सगळं लागू. त्या आदेशानं मारलेलं जनावरही सरकारची मालमत्ता असतं, त्यामुळं ‘वाटे’ घालायचा प्रश्न येत नाही. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाऊल टाकणंसुद्धा गुन्हा आहे, आणि जांबोटी-कणकुंबीकडची कित्येक शिवारं त्या जंगलाला लागूनच आहेत. हद्द कुठून जाते ते वनरक्षकाला विचारून पक्कं करावं.

आता गोळीकडं. हे काडतूस मूळ ऑस्ट्रियाचं, १८९० च्या सुमाराचं लष्करी ८ × ५० मॅनलिखर. इंग्रजांच्या काळात पॉइंट थ्री नॉट थ्रीसारखी लष्करी काडतुसं हिंदुस्थानात खासगी माणसाच्या हाती पडू नयेत असा दंडक होता. म्हणून बीएसए या इंग्लिश कंपनीनं ली बनावटीच्या ॲक्शनवर (काडतूस भरून झाडणाऱ्या यंत्रणेवर) या काडतुसाची रायफल बसवून इथं विकली. पुढं तोच नमुना ईशापूरनं घेतला. थ्री नॉट थ्री आजही निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या हत्यारांत, मोडते, थ्री फिफ्टीन मोडत नाही, आणि ही रायफल आपल्याकडं इतकी पसरली त्याचं हेच कारण.

नावातला आकडा फसवा आहे. ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर, हे नळीतल्या दोन उंचवट्यांमधलं अंतर. गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.३२३ इंच, म्हणजे ८.२ मिलिमीटर. काही जण दुकानात नुसतं ‘आठ एमएम’ म्हणून मागतात. आठ एमएम नावाची आणखीही काडतुसं आहेत, आठ एमएम माउझर त्यातलंच, आणि ते या रायफलीचं नाही. पेटीवर आणि काडतुसाच्या बुडावर काय छापलंय ते वाचूनच घ्यावं.

गोळीचं वजन २४४ ग्रेन, म्हणजे १५.८ ग्रॅम. नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे ६१० मीटर, ऊर्जा साधारण २,९०० ज्यूल. ३०-०६ रायफलीची १८० ग्रेनची गोळी ८२० मीटरच्या आसपास सुटते आणि तिची ऊर्जा ३,९०० ज्यूलच्या पुढं जाते. नुसत्या या आकड्यांवर बोट ठेवून थ्री फिफ्टीनला मोडीत काढणारे बरेच आहेत. पण जनावराच्या अंगात गोळी किती खोल जाते हे ऊर्जेवर ठरत नाही. ते ठरतं तीन गोष्टींवर: व्यासाच्या मानानं गोळीला वजन किती आहे, आत शिरल्यावर त्यातलं किती टिकतं, आणि गोळी सरळ जाते की वळते.

पहिल्या बाबतीत ही गोळी श्रीमंत आहे. वजन पौंडात घेऊन त्याला इंचातल्या व्यासाच्या वर्गानं भागलं की जो आकडा येतो त्याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. थ्री फिफ्टीनच्या २४४ ग्रेन गोळीचा तो ०.३३४ येतो. ३०-०६ च्या १८० ग्रेनचा ०.२७१. आफ्रिकेत म्हशीसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉइंट ३७५ च्या ३०० ग्रेन गोळीचासुद्धा ०.३०५. बारीक पण लांब आणि जड, अशी ही गोळी आहे. टोकदार पहार आणि बोथट दगड यांतलं कोणतं जमिनीत खोल जाईल हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

दुसरी बाब कवचाची. सॉफ्ट नोज गोळी म्हणजे शिशाचा गाभा, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच, आणि नाकाशी कवच उघडं ठेवून बाहेर काढलेलं शिसं. आत शिरताच हे मऊ शिसं दबतं, कवचाच्या कडा मागं उलटतात, आणि गोळीचा आकार अळंबीसारखा होतो. ८ मिलिमीटरची गोळी १४ ते १६ मिलिमीटरची झाली की काम बरोबर झालं. वाटेतली फुप्फुसं, रक्तवाहिन्या तेवढ्या रुंदीनं फाटतात आणि रक्तस्राव जोरात होतो. जनावर मरतं ते याच कारणानं. ‘धक्क्यानं’ मरतं ही समजूत खरी नाही.

इथंच थ्री फिफ्टीनचा कमी वेग तिच्या मदतीला येतो. गाभा आणि कवच एकमेकांना न जोडलेली साधी गोळी वेगात असेल आणि जवळून खांद्याच्या हाडावर बसली, तर कवच एकीकडं आणि शिशाचा चुरा दुसरीकडं असं होतं. वर मोठी, भयंकर दिसणारी जखम होते, आत चार बोटंही काही जात नाही, आणि जनावर उसात शिरून दोन दिवस तडफडतं. ३०-०६ मध्ये १५० ग्रेनची हलकी साधी गोळी घालून तीस-चाळीस मीटरवर डुकराच्या खांद्यावर झाडणारे नेमकं हेच ओढवून घेतात. थ्री फिफ्टीनची गोळी मुळातच सावकाश निघते, त्यामुळं साध्या बनावटीचं कवचही तिला झेपतं. १०० मीटरवर पोचेपर्यंत वेग साधारण ५४० मीटरवर येतो. तेवढ्यात उघडं शिसं अजून नीट फुलतं. म्हणजे हिचा ‘जुनाटपणा’ डुकराच्या कामाला उलट सोयीचा आहे. ज्यांच्याकडं ३०-०६ आहे त्यांनी निदान १८० ग्रेन घ्यावी, हलकी घेऊ नये.

बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, तेव्हा रायफल चालवण्यात मुरलेले निवृत्त जवान गावोगाव आहेत. त्यांच्याकडून एक सल्ला हमखास येतो: पूर्ण कवचाची गोळी घ्या, आरपार जाते. रणांगणासाठी ते बरोबर आहे. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात उघड्या नाकाच्या गोळ्या तयार झाल्या, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. तेव्हापासून लष्करी गोळी पूर्ण कवचाचीच असते. जनावराच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. पूर्ण कवचाची गोळी पेन्सिलीएवढं भोक पाडून निघून जाते, डुकराची जाड कातडी आणि चरबी ते भोक मिटवून टाकते, रक्त आतल्या आत साठतं, मागावर थेंब पडत नाही. शिवाय ती पलीकडं कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. डुकरावर तिचा उपयोग करू नये.

डुकराचं शरीर समजून घेतल्याशिवाय गोळीचं मोजमाप करता येत नाही. बहुतेक बार फुकट जातात ते उंचीमुळं. मानेवरचे ताठ केस आणि पाठीचा उंचवटा यामुळं डुकराची छाती आहे त्यापेक्षा वर असल्यासारखी दिसते. खरं हृदय खाली आणि पुढं, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्येच असतं. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं सरळ वर जावं आणि पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश उंचीवर थांबावं. ती जागा. मध्यावर धरली तर फुप्फुसाचा वरचा भाग मिळतो, चालतं. त्याच्याही वर गेलं की कण्याच्या वरचे काटे लागतात. मग डुक्कर बार ऐकताच दगडासारखं कोसळतं, सगळे ‘पडलं, पडलं’ म्हणून पुढं सरकतात, आणि अर्ध्या मिनिटात ते उठून चालू लागतं. कण्याला फक्त हादरा बसलेला असतो. जनावर जागच्या जागी कोसळलं तर आनंद मानू नये. लगेच दुसरं काडतूस चढवून नेम तसाच धरावा.

नराच्या खांद्यावर जाड, कूर्चेसारखी ढाल असते. नर एकमेकांशी सुळ्यांनी लढतात, त्यासाठीचं ते चिलखत. वय वाढेल तशी ती जाड होते. २४४ ग्रेन गोळीला ढाल अडवू शकत नाही, पण ती गोळीला लवकर फुलवते, म्हणून खोली थोडी कमी होते. आडव्या बारात याचा काही फरक पडत नाही, कारण डुकराच्या छातीची रुंदी फार नसते आणि गोळी पलीकडं निघतेच. तिरक्या बारात फरक पडतो. जनावर तुमच्यापासून तिरकं तोंड फिरवून उभं असेल तर गोळी बरगड्यांच्या मागून शिरून पलीकडच्या खांद्याकडं जायला हवी. हा बार थ्री फिफ्टीनला चांगला जमतो, कारण लांब गोळी सरळ जाते. जनावर तुमच्याकडं तिरकं तोंड करून असेल तर जवळच्या खांद्याच्या सांध्यावर बसते, आणि तिथून पुढं तिची वाट कुठं वळेल ते सांगता येत नाही. तेव्हा थांबावं, ते वळेल. मागून, थेट ढुंगणावर कधीही नको. डोक्यावरही नको: मेंदू लहान, डोकं सतत हलतं, आणि चुकलेली गोळी जबडा मोडते. जबडा मोडलेलं डुक्कर उपाशी मरतं, त्याला आठवडा लागतो.

आता अंतर. १०० मीटरवर बरोबर बसेल अशी जुळवणी केली तर ५० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर वर लागते, १५० मीटरवर सुमारे ११ सेंटिमीटर खाली, आणि २०० मीटरवर सुमारे ३३ सेंटिमीटर खाली. डुकराचं मर्मस्थान साधारण १५ ते २० सेंटिमीटरच्या वर्तुळाचं. म्हणजे १२० मीटरपर्यंत नेम आहे तिथं धरावा, त्यापुढं बार काढू नये. उघड्या शिस्तीच्या, म्हणजे दुर्बीण न लावलेल्या, रायफलीवर तर माणसाची मर्यादा त्याच्याही आधी येते. अधिकृत रेंजवर, प्रत्यक्षात जशी बैठक असेल तशाच बैठकीतून पाच बार काढावेत. ज्या अंतरावर पाचही १५ सेंटिमीटरच्या ताटलीत बसतात ते तुमचं अंतर. ते ६० मीटर निघालं तर ६० मीटर.

डुकरं रताळ्याच्या आणि भुईमुगाच्या शेतात येतात रात्री, त्यामुळं प्रत्यक्षातलं अंतर तीस ते पन्नास मीटरच असतं. बॅटरीच्या उजेडात नळीच्या टोकावरची नेम धरायची काळी माशी दिसत नाही, तिच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा. कळपावर बार काढताना आणखी एक गोष्ट: ही गोळी पहिल्या डुकरातून निघून मागच्यालाही लागते. मागं पिलांची मादी उभी असेल तर ती जखमी होऊन जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एकटं सुटं जनावर दिसेपर्यंत वाट पाहणं एवढाच उपाय.

बारा बोअरशी तुलना केल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही, कारण शिवारात रायफलीपेक्षा छर्ऱ्याची दुनळी जास्त. तिच्यात मोठ्या जनावरासाठी एलजी आणि एसजी ही मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं घालतात. एलजी काडतुसातला एक छर्रा ९.१ मिलिमीटरचा, वजन सुमारे ४.५ ग्रॅम, एसजीचा ८.४ मिलिमीटर, ३.५ ग्रॅम. एलजीच्या एका छर्ऱ्याची सेक्शनल डेन्सिटी ०.०८, म्हणजे थ्री फिफ्टीनच्या गोळीच्या चौथ्या हिश्श्याइतकीच. गोल छर्रा हवेत वेग झपाट्यानं गमावतो आणि छर्रे दर मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर पसरत जातात. २० मीटरवर बहुतेक सगळे छातीत बसतात आणि काम होतं. ४० मीटरवर पसारा मीटरभराचा होतो, एखाद-दुसरा छर्रा ढालीत अडकतो, एखादा पोटात जातो, आणि एक जखमी डुक्कर रानात फिरत राहतं. ‘एलजी पन्नास यार्डावर मारते’ हे वाक्य किती जनावरांच्या हालाला कारणीभूत झालंय त्याचा हिशेब नाही. डुकरासाठी एलजीची हद्द २५ मीटर, एसजीची त्याहून कमी. एकच गोळी असलेलं बॉलचं काडतूस ४० मीटरपर्यंत चांगलं, पण ते चोकमधून (नळीच्या तोंडाशी असलेल्या अरुंद भागातून) जाणारं आहे का हे पेटीवर तपासूनच फुल चोकच्या नळीत घालावं. नळीच्या पूर्ण व्यासाची, न दबणारी गोळी चोकमध्ये अडली तर नळी फाटते. दुनळीची उजवी नळी सहसा कमी चोकची असते, ती वापरावी.

डुकरापुरतं थ्री फिफ्टीनचं पारडं जड आहे. मग गव्याला ही का पुरत नाही? पूर्ण वाढलेला बैल गवा ७०० ते १,००० किलोचा, खांद्याशी माणसाच्या उंचीचा. पाठीवरचा उंचवटा म्हणजे कण्याचे लांब काटे, त्यात मर्म काही नाही. हृदय आणि फुप्फुसं खाली, जाड कातडी, स्नायूंचे थर आणि खांद्याच्या रुंद हाडाच्या आड. तिथं पोचायला गोळीला डुकराच्या दुपटीहून अधिक अंतर कापावं लागतं, आणि तेही फुललेल्या अवस्थेत. साध्या सॉफ्ट नोजचं वजन वाटेत झडत जातं. फुलून १५ मिलिमीटर रुंद आणि वजनानं १०-११ ग्रॅम उरलेल्या गोळीची सेक्शनल डेन्सिटी ०.०७ च्याही खाली येते. म्हणजे जी लांब, जड गोळी आपण मघाशी वाखाणली ती हाडापाशी पोचेस्तोवर छर्ऱ्यासारखी झालेली असते. संवेगातही, म्हणजे वजन गुणिले वेग यातही, मोठा फरक आहे. ३७५ ची ३०० ग्रेन गोळी ७७० मीटर वेगानं निघते, तिचा संवेग थ्री फिफ्टीनच्या दीडपट भरतो. झिंबाब्वेत हत्ती, पाणघोडा आणि रानम्हैस यांच्यासाठी कायद्यानंच किमान ९.२ मिलिमीटर व्यास आणि ५,३०० ज्यूल ऊर्जा लागते, ती याच कारणानं. थ्री फिफ्टीन त्याच्या पाऊणपटीलाही पोचत नाही. नागरगाळी-लोंढ्याकडं भाताच्या खाचरात गवे उतरले की कुणीतरी रायफलीची आठवण काढतं. गव्यासाठी वन खात्याला कळवणं, हाकारा आणि कुंपण एवढीच साधनं. परवानाधारकानं रायफल घरातून काढूसुद्धा नये. या गोळीनं गवा मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी गवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी धरायला गेलेल्या माणसाच्या समोर येतो.

मोठ्या जनावरासाठी बाहेरच्या देशांत गोळीची बनावट कशी बदलत गेली हे पाहिलं तर हा मुद्दा आणखी पटतो. अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत हाच अनुभव आला: वेगवान ३०० मॅग्नमची साधी गोळी चिखलानं माखलेल्या खांद्यावर फुटून गेली. त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा ठेवला. पुढचा गाभा फुलतो, वाटेत झडतोही, पण पडद्यामागचं शिसं जागेवर राहतं आणि गोळी साधारण दोन तृतीयांश वजनानिशी पुढं जात राहते. १९४८ पासून ती पार्टिशन नावानं विकली जाते. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये पडदाही आहे आणि गाभा कवचाला जोडलेलाही, त्यामुळं वजन नव्वद टक्क्यांच्या वर टिकतं. बार्न्सनं १९८९ मध्ये शिसंच काढून टाकलं: अख्खी तांब्याची गोळी, नाकाशी पोकळी, फुलताना चार पाकळ्या होतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. तिची खोड अशी की ती फुलायला वेग लागतो. आपल्या थ्री फिफ्टीनच्या वेगाला तांब्याची कडक गोळी ८०-१०० मीटरवर अर्धवटच फुलली असती. म्हणून महागडी गोळी ती चांगली गोळी असं समीकरण मांडू नये. सावकाश रायफलीला मऊ गोळी, वेगवान रायफलीला चिवट गोळी. थ्री फिफ्टीनला जे मिळालंय ते तिच्या वेगाला साजेसं आहे.

नवीन लॉटची पारख करायची असेल तर रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीनं, रेंजच्या मागच्या बांधासमोर, पाच लिटरचे पाण्यानं भरलेले प्लास्टिकचे कॅन एका रांगेत चिकटवून ठेवावेत, सहा-सात पुरतात. शेवटी ओल्या वर्तमानपत्रांचा हातभर जाड गठ्ठा. ५० मीटरवरून एक बार. गोळी सापडली की तीन गोष्टी पाहाव्यात: सोनाराच्या काट्यावर वजन, व्हर्नियरनं सगळ्यात रुंद व्यास, आणि कितव्या कॅनमध्ये थांबली. १० ग्रॅमच्या वर वजन आणि १४ मिलिमीटरच्या वर व्यास असेल तर माल चांगला. कवच रिकामं आणि शिसं वेगळं सापडलं तर त्या लॉटनं हाडावर बार काढायचा नाही, फक्त बरगड्यांच्या जागेवर. पाणी हाडापेक्षा गोळीला वेगळं वागवतं, त्यामुळं ही चाचणी एका लॉटची दुसऱ्याशी तुलना करायलाच वापरावी. परवान्यावरचा कोटा मोजका असतो, पण त्यातले पाच-सहा बार यात घालवणं वाया जात नाही. लॉट बदलला की जुळवणीही पुन्हा तपासावी.

बार बसल्यानंतरची खूण वाचता आली पाहिजे. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर शंभर मीटरच्या आत मिळेल. गडद, तांबूस-काळं रक्त म्हणजे काळीज (यकृत), अर्धा तास थांबावं. हिरवट, वास येणारं म्हणजे आतडं, निदान तीन-चार तास, आणि रात्र असेल तर उजाडेपर्यंत. रक्त अजिबात नसेल तरी बार चुकला असं धरू नये. चरबी भोक बुजवते, आणि गोळी वर लागून बाहेर निघाली नसेल तर छाती आतून भरेपर्यंत थेंब पडत नाही. हृदयाला लागलेलं डुक्करही पन्नास-साठ मीटर पळतं. बार काढला तेव्हा जनावर जिथं होतं तिथं काठी रोवून मगच मागावर निघावं. उसाच्या फडात जखमी डुकराच्या मागं रात्री शिरायचं नाही. वन खात्याच्या माणसांना बोलवावं.

गोळीच्या पलीकडं काय आहे हा प्रश्न आपल्या भागात जास्त अवघड आहे. खानापूरच्या पश्चिमेला सगळा जांभा दगड. गोल नाकाची जड गोळी सपाट कोनात जांभ्यावर लागली तर फुटत नाही, उडते, आणि कुठल्या वाडीवर जाईल ते सांगता येत नाही. मोकळी गेलेली गोळी दोन-अडीच किलोमीटरवरही जीव घेऊ शकते. म्हणून माचाणावरून, खाली उतरत्या कोनात, मऊ मातीच्या पाठीशी बार हवा. बांधाच्या माथ्यावर आकाशाच्या रेषेत उभ्या असलेल्या जनावरावर कितीही जवळ असलं तरी नाही.

काडतुसं ठेवण्याचं शेवटी. कणकुंबीकडचा पाऊस पितळेला चार महिन्यांत हिरवं करतो. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवू नयेत, चामड्यातलं आम्ल पितळ खातं. मूळ पेटीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. तेल लावू नये, ते प्रायमरमध्ये झिरपून काडतूस मारतं. हिरवा थर पुसून निघाला तर ठीक, खाली खड्डा दिसला तर ते काडतूस बाद. घोडा पडून बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून तीस सेकंद थांबावं, मगच बोल्ट उघडावा. बारूद कधी कधी उशिरा पेट घेतं, आणि उघडलेल्या बोल्टमागं माणसाचा चेहरा असतो. बार नेहमीपेक्षा फुसका वाजला तर दुसरं काडतूस भरण्याआधी बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का ते पाहावं. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुटते, मग रायफल कुठल्या कारखान्याची आहे त्यानं काही फरक पडत नाही.